क्षमा आणि प्रेमातून ख्रिस्ताची साक्ष: नाशिकच्या विश्वासणाऱ्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शरणपूर रोड, नाशिक रोड, देवळाली, सिडको, सातपूर इथे आणि पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर राहणाऱ्या विश्वासणाऱ्यांना समोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत. कॅथलिक, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) आणि स्वतंत्र मंडळ्यांच्या रीती वेगळ्या आहेत. जिथे त्याने फरक पडतो, तिथे तसं सांगितलं आहे.

साक्ष द्यायची तर आधी बोलायचं की आधी वागायचं?

बोलणंही लागतंच, पण आधी वागणं. नाशिकमध्ये देवाविषयीच्या बोलण्याला तोटा नाही. पंचवटीत रोज कुठे ना कुठे कीर्तन, प्रवचन, पारायण चालू असतं. तुमच्या शेजाऱ्याने तुमच्यापेक्षा जास्त धर्मचर्चा ऐकलेली असण्याची शक्यता मोठी आहे. तो पाहतो ते वेगळंच: कोणी ह्या माणसाचं वाईट केलं तर हा कसा वागतो? भाडेकरूशी कसा बोलतो? भावाशी ह्याचं बोलणं आहे का?

येशूने शिष्यांची ओळख त्यांच्या एकमेकांवरच्या प्रेमावर ठेवली (योहान १३:३५). मंडळीत दोन गट पडले असतील, जागेवरून दावे चालू असतील आणि तेच लोक रविवारी दुपारी पत्रकं वाटत असतील, तर पत्रक वाचण्याआधीच कचऱ्यात जातं. म्हणून सुवार्तेच्या कोणत्याही कार्यक्रमाआधी एक काम करा. ज्यांच्याशी आपलं बोलणं बंद आहे, त्यांची नावं लिहून काढा. वेदीपाशी अर्पण आणलेलं असताना आठवण झाली तर अर्पण तिथेच ठेवून आधी भावाशी समेट कर, असं येशू सांगतो (मत्तय ५:२३-२४). अर्पणाला जो क्रम लागू आहे तोच साक्षीलाही.

क्षमा करायची म्हणजे नेमकं काय करायचं?

मत्तयाच्या १८ व्या अध्यायातला कर्जदार चाकराचा दाखला आकडे मांडून वाचा. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार. चाकराला धन्याने माफ केलं ते १०,००० तालांतांचं कर्ज, म्हणजे सुमारे ६ कोटी दिवसांची मजुरी. कितीही जन्म राबला तरी फिटणार नाही असं. आणि त्याने सोबत्याकडे मागितले ते १०० दिनार.

ह्या १०० दिनारांकडे बहुतेक प्रवचनांत दुर्लक्ष होतं. शंभर दिवसांची मजुरी ही किरकोळ रक्कम नाही. द्राक्षबागेत छाटणीला जाणाऱ्या माणसाची ती तीन महिन्यांहून जास्त कमाई झाली. तुझं नुकसान झालंच नाही, असं येशू कुठेही म्हणत नाही. नुकसान खरं आहे आणि ते मोजूनच सोडायचं आहे.

म्हणून सुरुवात मोजण्यापासून करा. काय घडलं आणि त्यात आपलं काय गेलं (पैसा, अब्रू, नोकरी, झोप, वर्षं) ते एका कागदावर स्पष्ट लिहा. तो कागद प्रार्थनेत देवापुढे वाचा, रागासकट. स्तोत्रांमध्ये असा राग भरपूर आहे, त्याची लाज वाटू देऊ नका. मग सूड घेण्याचा हक्क सोडत असल्याचं नावानिशी बोला: ‘‘अमुकने माझं हे केलं. ह्याचा बदला मी घेणार नाही.’’ कागद फाडून टाका. त्यानंतरचा भाग सगळ्यात अवघड असतो. ती गोष्ट तिसऱ्या माणसाला चघळून सांगणं बंद करायचं. आणि जमेल तेव्हा त्या व्यक्तीच्या भल्याची एखादी छोटी कृती करायची.

बिघडतं कुठे, तर घाईत. ‘जाऊ दे, सोडून दिलं’ असं पहिल्याच दिवशी म्हणून टाकलं की राग आत मुरतो आणि सहा महिन्यांनी एखाद्या लग्नात सगळ्यांसमोर फुटतो. दुसरी गडबड म्हणजे आठवण परत आली की क्षमा खोटी होती असं समजणं. पेत्राने ‘सात वेळा का?’ विचारलं तेव्हा उत्तर ‘सातांच्या सत्तर वेळा’ असं आलं. एकाच घावासाठी पुनःपुन्हा क्षमा करावी लागते, हेही त्यात आलं.

आणि मीच चुकलो असेन तर माफी कशी मागावी?

आमच्या मते नाशिकसारख्या, जमिनीवर आणि नात्यांवर चालणाऱ्या जिल्ह्यात नीट मागितलेल्या माफीइतकी परिणामकारक साक्ष दुसरी नाही. माफी मागणारी माणसं लोकांनी फार थोडी पाहिलेली असतात.

एकटे जा. फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर नको, कुटुंबाच्या ग्रुपवर तर नकोच. सणाच्या दिवशी, पाहुण्यांसमोर, सासरच्या मंडळींसमोर नको. काय केलं ते कृतीच्या भाषेत सांगा, कारणं देऊ नका, भरपाई काय करणार ते सांगा, आणि गप्प बसा. निफाडकडच्या दोन भावांमधला बांधाचा वाद घ्या. धाकट्याने म्हणायचं ते एवढंच:

‘‘दादा, गेल्या पावसाळ्याआधी ट्रॅक्टर घातला तेव्हा मी बांध कोरून तुझ्या बाजूला दोन फूट सरकलो. मुद्दाम केलं. माझं चुकलं. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज मी देतो, खर्च माझा. हद्दीच्या खुणा पडल्या की बांध जागेवर घालून देतो. मला माफ कर.’’

ह्यातलं ‘मुद्दाम केलं’ वगळलं तर बाकी सगळं ढासळतं, कारण दादाला ते आधीच ठाऊक असतं. ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ म्हणू नका, त्याने चूक ऐकणाऱ्याच्या गळ्यात पडते. ‘पण तूसुद्धा विहिरीच्या पाळीच्या वेळी’ म्हणू नका, त्याने नवा हिशोब उघडतो. आणि ‘प्रभूने मला माफ केलंय, आता तूही कर’ हे तर कधीच म्हणू नका. देवाच्या क्षमेचा वापर दबावासाठी होतो आणि ऐकणाऱ्याला देवाचाच राग येतो.

उत्तर लगेच मागू नका. दादा दार लावून घेईल, शिव्या देईल, वर्षभर बोलणार नाही. तरी मोजणीचा अर्ज द्यायचा. जकातदार जक्कयाने चौपट परत करण्याचं कबूल केलं (लूक १९:८), ते येशू त्याच्या घरी पाहुणा असताना, सगळ्यांसमोर. पैसे एकरकमी देणं जमत नसेल तर हप्ते ठरवा, तारखा लिहून द्या आणि पहिला हप्ता चुकवू नका. ह्या भेटीत सुवार्ता सांगायची नाही. दादाने स्वतः विचारलं, ‘‘तुला आजच का सुचलं हे?’’ तरच दोन वाक्यांत उत्तर द्यायचं.

समोरचा माफी मागतच नाही. मग?

क्षमा एकट्याला करता येते. समेटाला मात्र दोघं लागतात. पौल रोमकरांना लिहितो की शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं, सर्वांशी शांतीने राहा (१२:१८). ‘शक्य असेल तर’ हे शब्द तिथे मुद्दाम आहेत. तुम्ही राग सोडू शकता, पण उसने पैसे बुडवणाऱ्याला पुन्हा उसने दिलेच पाहिजेत असं नाही. विश्वास परत मिळवणं हे चूक करणाऱ्याचं काम आहे आणि त्याला वेळ लागतो.

मंडळीतल्या माणसाने अन्याय केला असेल तर मत्तय १८:१५-१७ मधल्या पायऱ्या आहेत: आधी एकट्याने भेटणं, मग एक-दोन साक्षीदार नेणं, मग मंडळीसमोर मांडणं. पहिली पायरी गाळून थेट तिसरीवर जाणं, म्हणजे सभेत किंवा ग्रुपवर नाव घेणं, ही नेहमीची चूक.

क्षमा केली म्हणजे पोलिसांत जायचं नाही का?

जायचं. हा गैरसमज मंडळ्यांमध्ये फार नुकसान करतो, म्हणून स्पष्ट लिहितो.

ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं फिलिप आणि टिमथी यांना जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूर इथे गाडीत जिवंत जाळण्यात आलं. पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीरपणे सांगितलं आणि बारीपदा इथे कुष्ठरोग्यांची सेवा चालू ठेवली. २००५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. खटला मात्र चालला, आरोपींना शिक्षा झाली. मनातून सूडाची भावना काढून टाकणं हे त्यांचं काम होतं, न्याय करणं हे न्यायालयाचं.

लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पाळक, संडे स्कूलचे शिक्षक, वडील मंडळी, कोणीही त्यातून सुटत नाही. ‘मंडळीचं नाव खराब होईल’ म्हणून पीडित मुलीला क्षमेची वचनं वाचून दाखवणं हे पाप आहे. नवऱ्याची मारहाण सहन करणाऱ्या बहिणीला ‘प्रार्थना कर, सहन कर’ सांगून घरी परत पाठवू नका. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा तिच्यासाठीच आहे. आधी तिला सुरक्षित जागी न्या, क्षमेचा विषय तिने काढला तर काढू द्या. महिला हेल्पलाइन १८१, मुलांसाठी १०९८, तातडीसाठी ११२ हे क्रमांक प्रार्थनागृहाच्या सूचना फलकावर कायम लावून ठेवा.

कोणी विचारलं, ‘तुम्ही येशूला का मानता?’ तर किती बोलावं?

तीन मिनिटं पुरतात. विचारणाऱ्याला सौम्यपणे आणि आदराने उत्तर द्या, असं पेत्राचं सांगणं आहे (१ पेत्र ३:१५), आणि तिथे आधी विचारणारा कोणीतरी आहे हे लक्षात घ्या.

पहिलं मिनिट: तुमच्या आयुष्यात कोणती एक गोष्ट अडली होती. दारू, भावाशी वैर, अपराधाची टोचणी, काहीही, पण एकच. दुसरं: येशूविषयी काय कळलं आणि काय घडलं. तिसरं: आज काय वेगळं आहे, आणि ते शेजाऱ्याला पडताळून पाहता येईल असं असावं. अजून काय सुधारलेलं नाही तेही सांगा. ‘मी आता रागावतच नाही’ असं म्हणाल आणि संध्याकाळी पार्किंगवरून सोसायटीच्या वॉचमनवर खेकसाल, तर तो वॉचमन हिशोब ठेवून असतो.

आधीच्या देवांची, आईवडिलांच्या भक्तीची टिंगल एका शब्दानेही करू नका. ‘मी अंधारात होतो’ हे स्वतःच्या पापाबद्दल म्हणा, घरच्यांच्या धर्माबद्दल नको. मंडळीतली खास भाषा टाळा: ‘अभिषेक झाला’, ‘ओझं मिळालं’, ‘प्रभूने दर्शवलं’ हे बाहेरच्या माणसाला उलगडत नाही. साधं मराठी बोला. ख्रिस्ती झालेले मराठी कवी नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्तभक्ती अभंगात आणि भजनात आणली ती ह्याच जाणिवेने. आजही टाळ-पेटीवर म्हटलेलं त्यांचं भजन ऐकायला शेजारी दारात थांबतात.

मदत करताना विश्वासाची गोष्ट काढावी का?

त्याच वेळी नको. हा नियम कडक ठेवा. धान्याचं पाकीट, फीचे पैसे, दवाखान्याचं बिल देताना सोबत पत्रक नको, प्रार्थनेची अट नको, ‘रविवारी या’ हे निमंत्रणही नको. घेणारा अडलेला असतो, त्याचं ‘हो’ मोकळं नसतं. आणि असं मिळालेलं ‘हो’ गरज संपली की संपतं, मागे कटुता उरते.

करायचं कसं? शक्यतो गरजूच्या हातात थेट रोख देऊ नका. शाळेची फी शाळेत भरा, औषधाचं बिल दुकानात चुकतं करा, पावती त्या कुटुंबाला द्या. फोटो काढू नका. उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये, हे मत्तय ६:३ फेसबुकलाही लागू आहे. मंडळीतल्यांना आणि बाहेरच्यांना एकच निकष लावा आणि तो लिहून ठेवा.

पैशांहून वेळ जास्त बोलतो. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये सुरगाण्याहून आलेल्या रुग्णासोबत एकच नातेवाईक असतो. त्याला केस पेपरच्या रांगेतून, रक्तपेढीतून, योजनेच्या कागदपत्रांतून वाट दाखवायला कोणी नसतं. तिथे रात्री दोन तास बसून त्या नातेवाइकाला झोपू देणं ही मोठी सेवा आहे. आधारकार्ड आणि रेशनकार्डाच्या झेरॉक्स करून आणा, खालून चहा आणा. नाव विचारलं तर सांगा, मंडळीचं नाव विचारलं तर तेही सांगा.

आजाऱ्यासाठी प्रार्थना करावी का?

त्याला विचारून करावी. हळू आवाजात, थोडक्यात, बाकीच्या खाटांना त्रास न देता. गोळ्या बंद करायला कधीही सांगू नका. मिरगीच्या, मधुमेहाच्या, क्षयाच्या गोळ्या मध्येच सोडल्या तर जिवावर बेततं, आणि क्षयात औषधाला दाद न देणारे जंतू तयार होतात. बरं होण्याची हमी देऊ नका, तशी जाहिरातही करू नका. १९५४ चा औषधी व जादूटोणा उपाय कायदा आणि २०१३ चा महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा दोन्ही वाचून ठेवा.

कायद्याने काय करता येतं आणि काय नाही?

राज्यघटनेचं कलम २५ सद्‌सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आणि धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतं. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य ह्यांच्या अधीन राहून. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. म्हणजे आपल्या श्रद्धेविषयी सांगता येतं, निर्णय त्या माणसाचा. भारतीय न्याय संहितेची कलमं २९९ आणि ३०२ धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावण्याबद्दल आहेत. राज्याच्या कायद्यात होणारे बदल मंडळीने वकिलाकडून वेळोवेळी समजून घ्यावेत आणि सांगितलेल्या नोंदी, सूचना वेळेवर द्याव्यात.

घरात प्रार्थनेला जमत असाल तर आवाज भिंतीबाहेर जाऊ देऊ नका, गाड्या शेजाऱ्याच्या गेटसमोर लावू नका. तक्रारी ह्याच गोष्टींवरून सुरू होतात. जमाव आलाच तर वाद घालू नका, बायका-मुलांना आत घ्या, ११२ लावा.

सणासुदीला आणि सिंहस्थात कसं वागावं?

पाहुण्यासारखं. रामकुंडावर स्नानाला आलेल्यांच्या हातात पत्रकं देणं हे कोणाच्या घरच्या कार्यात जाऊन स्वतःचं भाषण सुरू करण्यासारखं आहे. त्या गर्दीत वाट चुकलेल्या म्हाताऱ्या माणसाला पोलीस मदत केंद्रापर्यंत नेता येतं, पाणी देता येतं. तेवढं करा.

प्रसादाबद्दल विश्वासणाऱ्यांत एकमत नाही. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचे ८ आणि १० हे अध्याय वाचून प्रत्येकाने आपल्या विवेकाने ठरवावं. घ्यायचा नसेल तर दोन्ही हात जोडून ‘‘काकू, आमच्यात घेत नाहीत, राग मानू नका, चहा मात्र घेऊ’’ म्हणा आणि खरंच बसून चहा घ्या. नाताळला करंज्या-चिवड्याचं ताट मजल्यावरच्या प्रत्येक घरी पोचवा, ज्याच्याशी भांडण आहे त्याच्याही. दिवाळीचं त्यांचं ताट आलं की आपलं रिकामं परत करू नका.

घरचे दुरावले तर?

वेळ द्या, आणि घर सोडू नका, जोवर जिवाला धोका नाही. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक हे ह्या बाबतीत आठवावं असं नाव. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या सोबत नव्हत्या, काही वर्षं वेगळ्या राहिल्या. नंतर परत आल्या तरी सोवळंओवळं एकदम सुटलं नाही. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये, स्वतःला पटल्यावर.

आईला ‘तुझं सगळं चुकलं’ म्हणण्याआधी तिची औषधं, तिची डॉक्टरची फेरी, गॅसचं बुकिंग तुमच्याकडे घ्या. बहिणीच्या लग्नात पंगतीत वाढायला उभे राहा. पूजेला बसायचं नसेल तर ते आठवडाभर आधी वडिलांना एकांतात सांगा, ऐनवेळी मांडवात नको.

शरणपूरचा ह्या सगळ्याशी काय संबंध?

जुना आहे. चर्च मिशनरी सोसायटीने १९ व्या शतकाच्या मध्यात शरणपूरला वसाहत उभी केली. अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन मुलं-मुली तिथे शिकली. त्यातला जेकब वेनराइट हा आफ्रिकेत फिरणारे ब्रिटिश मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या शेवटच्या मोहिमेला जाऊन मिळाला. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन गेल्यावर सोबत्यांनी त्यांचा देह शेकडो मैल वाहून किनाऱ्यावर आणला, आणि जेकब तो घेऊन इंग्लंडपर्यंत गेला. शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्या मुलांना ही हकिगत संडे स्कूलमध्ये जरूर सांगावी.

कोणी बाप्तिस्मा मागितला तर?

घाई करू नका. वय १८ पूर्ण नसेल तर पालकांच्या संमतीशिवाय पुढे जाऊच नका. प्रौढ असेल तर पहिल्या भेटीत एकच प्रश्न विचारा: ‘‘हे कोणाच्या सांगण्यावरून, कोणत्या अपेक्षेने?’’ नोकरी, लग्न, शाळेत प्रवेश, कर्जातून सुटका असं काही निघालं तर ती गरज वेगळी सोडवायला मदत करा, आणि बाप्तिस्म्याचा विषय बाजूला ठेवा.

नंतर शिक्षण. कॅथलिक रीतीत प्रौढांची तयारी अनेक महिन्यांची असते आणि ती बहुधा पुनरुत्थानाच्या सणाच्या जागरणात पूर्ण होते. इतर मंडळ्यांनीही काही महिने द्यावेत. लूककृत शुभवर्तमानाचे २४ अध्याय आठवड्याला एक असे सोबत वाचले तर साधारण सहा महिने जातात, आणि तेवढ्यात माणूस आपल्याला आणि आपण त्याला कळतो.

कागदोपत्री परिणाम आधीच सांगा, लपवू नका. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार हा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच आहे. ख्रिस्ती झालेल्याला त्या सवलती मिळत नाहीत. अनुसूचित जमातींना ही धर्माची अट त्या आदेशाने नाही, तरी पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागातल्या माणसाने वकिलाला विचारूनच पाऊल टाकावं. घरी सांगण्याचं काम त्याचं स्वतःचं, पाळकांनी परस्पर करू नये. आणि शिक्षण चालू असतानाच त्याला विचारा की कोणाची माफी मागायची राहिली आहे का, कोणाचे पैसे द्यायचे आहेत का. असतील तर बाप्तिस्म्याची तारीख ठरवण्याआधी त्या घरी त्याच्यासोबत जा, तो म्हणेल तर आत, नाहीतर गल्लीच्या तोंडाशी थांबा.